घरच्या आर्केडला स्पिनर कोणता लावावा?

माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत आर्केडचं कॅबिनेट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसं यंत्र, करायला घेतलं. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय आला, जॉयस्टिक आणि बटणं आली, घरातला जुना कॉम्प्युटर आत बसला. काम अडलं ते एका भोकापाशी. पॅनेलच्या मधोमध स्पिनरसाठी, म्हणजे न अडता गोल फिरणाऱ्या नॉबसाठी, जागा सोडली होती आणि तिथे काय बसवायचं ते ठरेना. शेवटी फोन आला, "मावशी, एकात ६०० पल्स आहेत, एकात २४०० काउंट, एकात ४०९६. मग ४०९६वालाच घेऊ ना?"

मी म्हटलं, थांब. आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी खेळ कोणते खेळणार ते ठरव, मग हाताला काय जाणवायला हवं ते ठरव, मग ते कॉम्प्युटरपर्यंत कसं पोचवायचं ते बघ. आकडा त्यानंतर आपोआप समजतो. फोनवर हे सगळं सांगून होईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि पुढची बरीच वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत पॅकिंग मशिनवर एनकोडर, म्हणजे दांडी किती फिरली ते मोजणारे सेन्सर, बसवण्यात गेली. स्पिनर म्हणजे तोच एनकोडर, फक्त त्याला पट्ट्याऐवजी माणसाचा हात फिरवतो. म्हणून हा विषय मला मनापासून आवडतो.

आधी स्पिनर म्हणजे काय ते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये ज्यांनी ‘मुस्तफा’ खेळला, त्यांना जॉयस्टिक आणि बटणं ठाऊक आहेत. ‘मुस्तफा’ हे आपण ठेवलेलं नाव, कॅपकॉमच्या १९९३ मधल्या मूळ गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्याआधीच्या पिढीतल्या काही यंत्रांवर मात्र एक गोल नॉब असायचा. तो डावीकडे-उजवीकडे कितीही फिरतो, कुठेच अडत नाही.

घरातल्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरला सुरुवात असते आणि शेवट असतो. तसा नॉब गेममध्ये वापरला की त्याला पॅडल म्हणतात. १९७२ चा ‘पाँग’ आणि १९७६ चा ‘ब्रेकआउट’ यांत तोच होता, आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबच्या जागेप्रमाणे विजेचा रोध बदलणारा भाग. रेग्युलेटर मध्यावर असेल तर चेंडू परतवणारी फळीही पडद्याच्या मध्यावर, असा सरळ हिशोब. जात्याला मात्र सुरुवात नाही आणि शेवटही नाही, खुंटा धरून फिरवत राहायचं. स्पिनर म्हणजे जातं. तो ‘मी कुठे आहे’ हे सांगत नाही, ‘मी किती सरकलो आणि कोणत्या बाजूला’ एवढंच सांगतो. स्पिनरवर ‘ब्रेकआउट’ खेळता येतं, पण हाताची जागा आणि फळीची जागा यांचं मूळ नातं तुटतं. ज्यांना फक्त पाँगच्या घराण्यातले गेम खेळायचे आहेत, त्यांनी स्पिनरच्या वाटेला न जाता चांगला पोटेन्शिओमीटर बसवावा.

खेळांची यादी आधी

स्पिनरच्या खेळांत दोन टोकं आहेत आणि निवडीचा सगळा पेच त्या दोन टोकांत आहे.

एका टोकाला अटारीचा १९८१ चा ‘टेम्पेस्ट’. पडद्यावर रंगीत रेषांची एक खोल नळी, तिच्या काठावरून आपला पंजा फिरतो. शत्रू आतून वर चढत येतात. इथे हात नॉबला झटका देतो आणि सोडतो. नॉब स्वतःच्या वेगाने फिरत राहतो, पंजा काठावरून सुसाट जातो, मग बोट टेकवून थांबवायचा. नॉबला वजन नसेल आणि झटका दिल्यावर तो अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल, तर या खेळाची गोडीच जाते.

दुसऱ्या टोकाला टायटोचा १९८६ चा ‘आर्कनॉइड’. खाली फळी, वर विटा, मध्ये चेंडू. इथे झटका देऊन सोडायचं नसतं. चेंडू फळीच्या कोणत्या भागावर लागतो त्यावर तो कुठल्या कोनात उडेल हे ठरतं, त्यामुळे फळी केसभर सरकवता आली पाहिजे आणि तत्क्षणी उलट फिरवता आली पाहिजे. जड नॉब इथे आड येतो, थांबवायला गेलं की पुढे घसरतो. मूळ आर्कनॉइडच्या स्पिनरमध्ये गिअर बसवलेले होते. बाहेरचा नॉब थोडा फिरला की आतली चकती कितीतरी जास्त फिरायची, म्हणजे बारीक हालचालीचीही मोजणी व्हायची.

बाकीचे खेळ या दोघांच्या मध्ये येतात. १९८२ च्या ‘ट्रॉन’मध्ये एका हातात ट्रिगरवाली स्टिक आणि दुसऱ्या हातात नेम धरायला स्पिनर. १९८३ च्या ‘डिस्क्स ऑफ ट्रॉन’ला तर नॉब फिरवण्याबरोबर वर ओढायचा आणि खाली दाबायचाही असतो, नेम उंच-सखल करण्यासाठी. साधा स्पिनर ते करू शकत नाही, त्यासाठी वेगळी रचना लागते किंवा दोन बटणांवर भागवावं लागतं. ‘पोल पोझिशन’ आणि ‘सुपर स्प्रिंट’ यांची स्टिअरिंग चाकंही अशीच न अडता फिरणारी होती, त्यामुळे ते खेळ स्पिनरवर छान खेळता येतात. १९८६ चा ‘आउटरन’ मात्र वेगळा, त्याचं चाक दोन्ही बाजूंना अडतं.

भाच्याला मी आधी कागदावर पाच खेळ लिहायला लावले. त्याच्या यादीत टेम्पेस्ट पहिला होता आणि आर्कनॉइड दुसरा, म्हणजे दोन्ही टोकं. बहुतेकांचं असंच होतं.

आत काय चालतं

स्पिनरच्या दांडीवर एक चकती असते, तिच्या कडेला समान अंतरावर बारीक खिडक्या. चकतीच्या एका बाजूला डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारा एलईडी, दुसऱ्या बाजूला तो उजेड पाहणारा सेन्सर. खिडकी समोर आली की उजेड, दांडा आला की अंधार. उजेड-अंधार मोजला की किती फिरलं ते कळतं.

पण कोणत्या बाजूला फिरलं ते कसं कळणार? त्यासाठी सेन्सर दोन लागतात आणि ते जरासे मागे-पुढे बसवतात. गणपतीत मंडपाच्या दाराशी एक पाऊल अंतराने दोन कार्यकर्ते उभे आहेत असं समजा. माणूस आधी पहिल्यासमोरून गेला आणि मग दुसऱ्यासमोरून, तर तो आत चालला आहे. आधी दुसरा, मग पहिला, तर तो बाहेर येतो आहे. हे दोन कार्यकर्ते म्हणजे ए आणि बी चॅनेल. यालाच क्वाड्रेचर म्हणतात. दोघांचे उजेड-अंधार मिळून प्रत्येक खिडकीमागे चार वेगळ्या अवस्था होतात: दोघांनाही उजेड, एकालाच, दोघांनाही अंधार, मग दुसऱ्यालाच. म्हणून ६०० खिडक्यांच्या एनकोडरमधून एका फेऱ्यात २४०० मोजण्या निघतात. भाच्याने ज्या दोन वेगळ्या वस्तू समजल्या होत्या, ६०० पल्सवाली आणि २४०० काउंटवाली, ती एकच वस्तू निघाली. एका विक्रेत्याने खिडक्या लिहिल्या होत्या, दुसऱ्याने अवस्था. जाहिरात वाचताना हा आकडा कशाचा आहे हे आधी विचारा.

आता किती मोजण्या पुरतात? आर्कनॉइडचा पडदा २२४ पिक्सेल रुंद आहे. नॉबच्या अर्ध्या फेऱ्यात फळी या टोकापासून त्या टोकाला जावी असं धरलं, तर एका फेऱ्याला ४४८ मोजण्या आल्या की प्रत्येक पिक्सेलला एक मोजणी मिळते. हजाराच्या पुढे जे काही मिळतं ते बहुतेक भागून कमीच करायचं असतं. दुसरीकडे, बाजारात हौशी किटमध्ये मिळणारा जो छोटा टक्-टक् वाजणारा एनकोडर असतो, त्यात एका फेऱ्याला २० टप्पे. म्हणजे १८ अंश फिरवल्याशिवाय काही होतच नाही. शिवाय आत धातूचे कॉन्टॅक्ट घासतात, ते उडतात आणि खोट्या मोजण्या देतात. ऑडिओचा आवाज कमी-जास्त करायला तो उत्तम आहे. स्पिनर म्हणून तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

उलटं फिरण्याचं भूत

जास्त आकड्याचा स्पिनर बसवला आणि कोणी जोरात फिरवला की एक विचित्र गोष्ट घडते: पंजा उलट दिशेला पळतो. भाच्याच्या मित्राकडे हेच झालं होतं आणि त्याने स्पिनर बिघडला म्हणून परत पाठवला. बिघडलेला नव्हता.

पंखा ट्यूबलाइटखाली कधी कधी सावकाश उलटा फिरताना दिसतो, तसंच हे आहे. आपण सतत पाहत नाही, तुटक तुटक पाहतो, आणि दोन पाहण्यांमध्ये पातं किती पुढे गेलं याचा अंदाज करतो. पातं जवळजवळ पूर्ण जागा ओलांडून गेलं असेल तर मेंदूला ते थोडंसं मागे आल्यासारखं वाटतं. टेम्पेस्टच्या मूळ यंत्रात नॉबची स्थिती मोजणारा आकडा फक्त ० ते १५ एवढाच जातो, पुढे पुन्हा शून्य. १६ खुणांचं घड्याळच म्हणा. गेम ठराविक वेळाने त्याकडे नजर टाकतो. मागच्या वेळी काटा २ वर होता आणि आता १३ वर आहे, तर तो ११ घरं पुढे गेला की ५ घरं मागे आला? गेम जवळचा रस्ता धरतो, म्हणजे ५ मागे. दोन नजरांच्या मध्ये ८ घरांपेक्षा जास्त हालचाल झाली की दिशा उलटी वाचली जाणार. मूळ नॉबच्या मोजण्या कमी होत्या म्हणून तिथे हे सहजी होत नसे. आपण २४०० मोजण्यांचा नॉब जसाच्या तसा जोडला की लगेच होतं.

दुसरी अडचण कॉम्प्युटरच्या दारात. स्पिनर बहुतेक वेळा माउस म्हणून स्वतःची ओळख देतो. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, ‘इतकं सरकलो’ असं कळवतो. स्पिनर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणाऱ्या पुष्कळ साध्या बोर्डांच्या निरोपात हा आकडा १२७ पेक्षा मोठा मावत नाही. सेकंदाला १० फेरे, प्रत्येकी २४०० मोजण्या, म्हणजे ८ मिलिसेकंदांत १९२. मावलं नाही. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काळजी घेतली नसेल तर उरलेलं हरवतं, किंवा आकडा उलटून ऋण होतो आणि पुन्हा तेच भूत.

वजन, बेअरिंग आणि टर्नरकाका

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. तीन-चार तास खेळल्यावर लक्षात राहतं ते नॉब किती मऊ फिरतो, सोडल्यावर किती वेळ फिरत राहतो आणि दांडी हाताखाली लकलकते का. आतल्या मोजण्यांचा आकडा कोणाला आठवत नाही.

मऊपणा बेअरिंगमधून येतो. कारखान्यातल्या एनकोडरचं बेअरिंग धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून घट्ट सीलचं असतं, त्यात जाड ग्रीस असतं. कन्व्हेयरला त्याने काही फरक पडत नाही, हाताला पडतो. माझा अनुभव असा की असा एनकोडर हलक्या नॉबसकट झटका दिला की लगेच थांबतो. आर्कनॉइडला चालतं, टेम्पेस्टला नाही. शिवाय त्याची दांडी बाजूने येणारा भार सोसायला केलेली नसते, आणि खेळणारा माणूस नॉबवर तळहात टेकवतो, थापटतो, कधी पूर्ण वजन टाकतो.

म्हणून दांडीला स्वतःचं बेअरिंग द्यावं. ६२६ नंबरचं बेअरिंग ६ मिलिमीटर दांडीवर बसतं, बाहेरून १९ मिलिमीटर. ६०८ नंबरचं ८ मिलिमीटर दांडीला आणि बाहेरून २२, स्केटच्या चाकात असतं तेच. दोन बेअरिंग एकमेकांपासून जरा लांब बसवली की दांडी लकलकत नाही. रबर सीलवाली नकोत, पत्र्याच्या झाकणाची घ्या. ग्रीस धुऊन काढून शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब टाकला की फरक हातालाच कळतो.

वजनाचं गणित मोठं सुंदर आहे. फिरत राहण्याची ताकद नुसत्या वजनावर अवलंबून नाही, वजन मध्यापासून किती लांब आहे त्यावर जास्त अवलंबून आहे. तेवढ्याच वजनाची भरीव चकती आणि कडी घ्या, बाहेरचा व्यास सारखा. कडीचा फिरता जोर चकतीच्या जवळजवळ दुप्पट. आणि त्याच जाडीच्या चकतीचा व्यास दुप्पट केला तर वजन चौपट होतं, फिरता जोर मात्र सोळापट. यातून एक फार सोयीचा मार्ग निघतो. पॅनेलच्या वरचा नॉब हाताला बसेल एवढाच, ३५ ते ४० मिलिमीटरचा ठेवायचा. वजनाची चकती पॅनेलच्या खाली, त्याच दांडीवर, ७०-८० मिलिमीटर व्यासाची, ग्रब स्क्रूने (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूने) आवळलेली. टेम्पेस्टच्या दिवशी चकती लावा, आर्कनॉइडच्या दिवशी काढा. दोन टोकांच्या पेचाला माझ्याकडे हेच उत्तर आहे.

जुन्या लाकडी व्हॉल्व्ह रेडिओच्या ट्यूनिंगच्या दांडीवर आत एक जड चाक असायचं, ते आठवतं का? नॉबला हलका झटका दिला की काटा एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर तरंगत जायचा, आणि बोटाने बारीक करता यायचं ते वेगळंच. आजोबांच्या रेडिओशी मी तासन्‌तास तेच करत बसायचे. चांगल्या स्पिनरला हात लावला की मला ते आठवतं.

पितळेचा नॉब आणि चकती करून घ्यायला आम्ही माझ्या ओळखीच्या एका टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, होल कितीचं ठेवू?"

"दांडी ६ ची आहे, काका."

"मग स्लायडिंग फिट देतो. ठोकून बसवायचं नाही. ठोकलंत तर आतलं बेअरिंग त्याच दिवशी गेलं म्हणून समजा."

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नॉब हाताने सरकून बसला पाहिजे आणि ग्रब स्क्रू दांडीच्या सपाट केलेल्या बाजूवर टेकला पाहिजे. गोल दांडीवर टेकवला तर चार दिवसांत सैल होतो आणि नॉब फिरतो पण दांडी फिरत नाही. साध्या लोखंडाचा नॉब नको. आपल्या पावसाळ्यात आणि हाताच्या घामाने त्याला गंज चढतो. पितळ, स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम हलकं, म्हणून ते फक्त वरच्या नॉबला, खालच्या चकतीला पितळ.

प्लायचीही एक अडचण सांगून ठेवते. तयार एनकोडरची दांडी आखूड असते, १८ मिलिमीटर प्लायमधून वर निघून नॉबला पुरत नाही. खालून लाकूड कोरायच्या राउटरने खड्डा करा, किंवा दांडी लांब करून घ्या आणि एनकोडरला कपलिंगने जोडा. स्वतःची बेअरिंग वापरणार असाल तर हा प्रश्न तिथेच सुटतो.

मग घ्यायचं काय

तयार स्पिनर परदेशात मिळतात. अल्टिमार्क या ब्रिटिश कंपनीचा स्पिनट्रॅक आणि ग्रूव्हीगेमगिअर या अमेरिकन कंपनीचा टर्बोट्विस्ट ही या छंदातली ओळखीची नावं. यूएसबीला जोडा आणि खेळा. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा. ज्याला कॅबिनेट पूर्ण करून खेळायचंच आहे, लेथ आणि सोल्डरिंगच्या मागे लागायचं नाही, त्याने हाच रस्ता घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडे सहज मिळणारा पर्याय म्हणजे ६०० पल्सचा औद्योगिक एनकोडर, ३८ मिलिमीटर व्यासाचा, ६ मिलिमीटर दांडीचा, ५ ते २४ व्होल्टवर चालणारा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मजबूत आहे, बंद डबीत असल्याने बाहेरच्या उजेडाचा त्रास नाही. जोडताना एक गोष्ट जपा. त्याच्या ए आणि बी तारा स्वतः व्होल्टेज देत नाहीत, त्या फक्त जमिनीला, म्हणजे ग्राउंडच्या तारेला, जोडल्या जातात किंवा सुटतात. याला ओपन कलेक्टर म्हणतात. म्हणून प्रत्येक तारेला ५ व्होल्टकडून एक रेझिस्टर लागतो, ४.७ किलोओहम चालेल. रेझिस्टर न लावता ती तार थेट ५ व्होल्टला चिकटली तर आतला ट्रान्झिस्टर जळतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून असा एक एनकोडर गेला आहे. तारांचे रंग इंटरनेटवर पाहून जोडू नका, त्याच्या अंगावरच्या स्टिकरवर पाहून जोडा.

तिसरा पर्याय मला व्यक्तिशः जास्त आवडतो: चुंबकीय सेन्सर. एएस५६०० नावाची छोटी चिप मिळते. दांडीच्या टोकाला एक गोल चुंबक चिकटवायचा, त्याच्यासमोर अर्धा ते तीन मिलिमीटर अंतरावर ही चिप. दोघांचा स्पर्श नाही, म्हणजे घर्षण फक्त तुमच्या बेअरिंगचं. चिप एका फेऱ्याचे ४०९६ भाग करून कोन सांगते, भाच्याच्या यादीतला तिसरा आकडा हाच. चुंबक साधा चालत नाही, व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला लागतो, म्हणजे अर्ध्या गोलात उत्तर ध्रुव आणि अर्ध्यात दक्षिण. दांडी लोखंडाची असेल तर चुंबक पितळेच्या टोपीत बसवा. चिपची डीआयआर नावाची पिन मोकळी सोडू नका, जमिनीला जोडा, नाहीतर दिशा मनाला येईल तशी बदलते. नॉब स्थिर असतानाही आकडा एक-दोनने थरथरतो, तेवढी हालचाल प्रोग्रॅममध्ये दुर्लक्षित करा. दोन खेळाडूंसाठी दोन स्पिनर हवे असतील तर लक्षात घ्या, या चिपचा पत्ता एकच ठरलेला आहे, त्यामुळे एका तारेवर दोन चिपा नांदत नाहीत. प्रत्येकीला वेगळा बोर्ड द्या.

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारणाऱ्यांसाठी आणखी एक. मोडक्या व्हीसीआरमधला हेड ड्रम, म्हणजे टेप वाचणारा फिरता गोळा, मिळाला तर सोडू नका. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरायचा, तेही जराही न थरथरता. त्याचं बेअरिंग इतकं मऊ असतं की हात लावल्यावरच कळेल. एका टोकाला चुंबक लावायची सोय झाली की उत्तम स्पिनर तयार होतो. बॉलवाल्या जुन्या माउसमधली चकती आणि सेन्सरही वापरता येतात, पण ते नाजूक काम आहे.

बोर्ड आणि प्रोग्रॅम

औद्योगिक एनकोडर असो की चुंबकीय चिप, कॉम्प्युटरशी जोडायला मध्ये प्रोग्रॅम करता येणारा एक छोटा बोर्ड लागतो. अर्डुइनो प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या, कारण त्यांवरची एटीमेगा ३२यू४ चिप स्वतःच कॉम्प्युटरला ‘मी माउस आहे’ असं सांगू शकते. जुना उनो आर३ घेऊन आलात तर ती सोय सरळ मिळत नाही. पिन २ आणि ३ दोन्ही कामांना चालतात: ६०० पल्सच्या एनकोडरला इंटरप्टसाठी (मोजणी आली की बोर्डाला हातातलं काम थांबवून लगेच कळावं म्हणून), आणि चुंबकीय चिपेला तिच्या दोन तारांसाठी.

प्रोग्रॅममध्ये मोजण्यांना भागायचं, म्हणजे २४०० चे ६०० किंवा ३०० करायचे. मेम या इम्युलेटरमध्येही, म्हणजे जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही, संवेदनशीलता टक्क्यांत कमी करता येते, पण तिथे पूर्ण टक्केच मिळतात. ४ टक्क्यांवरून ५ वर गेलात की वेग एकदम सव्वापट होतो, मधलं काही नाही. म्हणून मोठी कपात बोर्डात करा आणि मेममध्ये प्रत्येक खेळापुरती बारीक जुळवणी. भागाकाराची बाकी टाकून देऊ नका. दुकानदाराकडे सुटे नसले की तो पुढच्या वेळी वळते करतो, तशी उरलेली मोजणी पुढच्या हिशोबात धरायची. बाकी टाकली तर सावकाश फिरवताना फळी हलतच नाही, आणि आर्कनॉइडमध्ये नेमकं सावकाशच फिरवायचं असतं. एका निरोपात १२७ पेक्षा जास्त झालं तर जादाचं पुढच्या निरोपात पाठवा.

मेममध्ये आधी सेटिंगच्या फाइलीत माउस चालू केलेला हवा, नाहीतर स्पिनर मुकाच राहतो. मग खेळ सुरू असताना टॅब दाबून अ‍ॅनालॉग इनपुटच्या सेटिंगमध्ये जा. तिथे संवेदनशीलता आणि दिशा त्या खेळापुरती साठवली जाते. टेम्पेस्टमध्ये जोरात झटका देऊन पाहा. पंजा उलटला तर टक्के कमी करा, न उलटता सगळ्यात वेगवान मिळेल तिथे थांबा. पॅनेलवर ट्रॅकबॉलही (तळहाताने फिरवायचा चेंडू) असेल तर स्पिनरला माउसचा दुसरा अक्ष द्या, म्हणजे एकाला लागलेला धक्का दुसऱ्याच्या खेळात शिरणार नाही.

आणि पॅनेलचे स्क्रू आवळण्याआधी एक चाचणी करा. नॉबवर आणि प्लायवर पेन्सिलने समोरासमोर खूण करा. बोर्डाला मोजणी पडद्यावर दाखवायला सांगा आणि ती शून्य करा. नॉब शक्य तितक्या जोरात एका दिशेला १० फेरे फिरवा, मग अगदी सावकाश उलट १० फेरे, आणि खूण खुणेला लावा. आकडा शून्यावर आला पाहिजे. भाच्याच्या पॅनेलवर पहिल्यांदा ३६ आला. जोरात फिरवताना मोजण्या गळत होत्या, कारण त्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मोजणी लगेच पडद्यावर लिहिली जात होती आणि लिहिण्यातच वेळ जात होता. ते लिहिणं सेकंदातून पाच वेळांवर आणलं, पुन्हा दहा फेरे जाऊन आलो, आणि शून्य आला. मग प्लायवरची पेन्सिलची खूण पुसली.